आततायी कोण? : आष्टी, सेवाग्राम आणि कारंजा येथील जीवहरणाचे निवाडे

१

मराठीत जीव घेण्याच्या कृतीला एकच नाव नाही. वध, हत्या, खून, हिंसा, बळी, फाशी, शिकार या प्रत्येक शब्दात कृतीच्या वर्णनाबरोबर तिच्याविषयीचा निकालही सामावलेला असतो. अफझलखानाचा 'वध' होतो, रँडचा 'खून' होतो किंवा त्याला 'मारले' जाते. बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे हे क्रियापदाच्या आधी नामानेच सांगितलेले असते. म्हणजे जीव घेणे केव्हा समर्थनीय ठरते हा प्रश्न नीतिशास्त्राच्या दारात पोहोचण्यापूर्वी भाषेच्या दारात पुष्कळसा सुटलेला, किंवा सुटल्यासारखा भासवलेला, असतो. साहित्यसमीक्षेला या प्रश्नात रस असण्याचे कारण हेच आहे. निवाडा ही मुळात अन्वयार्थाची कृती आहे, आणि ज्या संहितांच्या आधारे निवाडे होतात त्या संहिता बहुधा साहित्याच्याच प्रांतातल्या असतात.

या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार करण्यासाठी वर्धा जिल्ह्याइतका अर्थपूर्ण प्रदेश मराठी मुलखात क्वचितच सापडेल. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावी राहावयास आले आणि जे पुढे सेवाग्राम झाले ते याच जिल्ह्यात. विनोबांचे पवनार याच जिल्ह्यात. आणि १६ ऑगस्ट १९४२ रोजी ज्या पोलिस ठाण्यावर जमाव चालून गेला, जिथे गावकरीही मेले आणि पोलिसही मारले गेले, ते आष्टीही याच जिल्ह्यात. आष्टी आणि नागपूर-अमरावती मार्गावरील कारंजा (घाडगे) ही दोन्ही गावे जुन्या आर्वी तहसिलीतली. आज ती शेजारच्या दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत. दोन्ही गावांच्या नावांपुढे कंसात एकेक शब्द येतो. कारंज्यापुढचा 'घाडगे' त्याला वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड)पासून वेगळे करण्यापुरता. आष्टीपुढचा 'शहीद' मात्र ओळखीची सोय म्हणून आलेला नाही; तो इतिहासाचा निकाल आहे. त्या निकालापर्यंत जाण्याचा मार्ग किती खडतर होता आणि निकालानंतरही काय शिल्लक राहिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना अटक झाली. १५ ऑगस्टला आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाईंचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर या दोन गावांत मोर्चे निघाले. आष्टीला पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मृत्युमुखी पडले आणि जमावाच्या हातून ठाण्याचा उपनिरीक्षक व त्याचे काही शिपाई मारले गेले. चिमूरला उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदार यांच्यासह सरकारी नोकर मारले गेले. त्यानंतर आलेल्या फौजेने गावावर केलेल्या अत्याचारांच्या, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचारांच्या, तक्रारी डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासारख्या काँग्रेसबाहेरच्या नेत्यानेही तेथे जाऊन पुढे मांडल्या.

'करेंगे या मरेंगे' या घोषणेत मरण्याचे क्रियापद होते, मारण्याचे नव्हते. मराठीत 'मरू' आणि 'मारू' यांच्यात एका मात्रेचे अंतर आहे. आष्टीत ते एका दुपारी ओलांडले गेले. परंतु ते कोणी ओलांडले आणि कोणत्या क्षणी, हा प्रश्न इतका सरळ नाही. गोळी आधी की दगड आधी, या प्रश्नावर पुढे सारे खटले आणि साऱ्या आठवणी उभ्या राहिल्या, कारण प्रतिकाराचे समर्थन क्रमावर अवलंबून असते. कथनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर घटनाक्रम हाच येथे नैतिक युक्तिवाद आहे. सरकारी कथन जमावाच्या चालून येण्यापासून सुरू होते, लोककथन गोळीबारापासून. दोन्ही कथनांत घटना त्याच. प्रारंभबिंदू बदलला की हत्या आणि आत्मसंरक्षण यांची अदलाबदल होते.

हा भेद केवळ सरकार आणि जनता यांच्यातला नव्हता. सेवाग्रामच्या विचारविश्वातच तो होता. महादेवभाईंच्या अटकेनंतर 'हरिजन'ची जबाबदारी वर्ध्याच्या किशोरलाल मश्रूवाला यांच्यावर आली. २३ ऑगस्ट १९४२ च्या अंकात त्यांनी जाळपोळ व लूट यांना नकार दिला, पण कोणाच्याही जिवाला धोका न पोहोचवता दळणवळण विस्कळीत करणे अहिंसेत बसू शकते असे मत मांडले. १९४३ साली सरकारने काँग्रेसवर ठपका ठेवणारी जी पुस्तिका काढली तिच्यात हे लेखन पुरावा म्हणून वापरले गेले. गांधीजींनी १९४४ च्या सुटकेनंतर गुप्तता आणि मोडतोड या दोहोंना अहिंसेच्या कक्षेबाहेर ठेवले. परंतु व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, ज्याची परिणती १० फेब्रुवारी १९४३ रोजी सुरू झालेल्या एकवीस दिवसांच्या उपवासात झाली, त्यांनी लोकांच्या हिंसेची एकतर्फी जबाबदारी स्वीकारण्यासही नकार दिला. सरकारच्या दडपशाहीने लोकांना त्या टोकाला नेले असे त्यांचे म्हणणे होते.

चौरीचौरा येथे ४ फेब्रुवारी १९२२ रोजी बावीस पोलिस मारले गेले, तेव्हा त्यांनी सारी चळवळ थांबवली होती. १९४२ साली ते तुरुंगात होते, थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. पण फरक केवळ परिस्थितीचा नाही. १९२२ मध्ये त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या माणसांनी काय केले हा होता; १९४३ मध्ये त्याच्या जोडीला राज्याने काय केले हाही होता. हिंसेचा निषेध आणि हिंसेच्या जबाबदारीची वाटणी या दोन वेगळ्या कृती आहेत, हे भान या दोन प्रसंगांच्या दरम्यान अधिक तीव्र झालेले दिसते.

३

आष्टीचा जमाव कोणत्या संहितेच्या आधारे वागला असेल? जमाव ग्रंथ वाचून चालत नाही हे खरे. पण तो ज्या भाषेत स्वतःच्या कृतीचा अर्थ लावतो ती भाषा त्याला परंपरेकडून मिळालेली असते. मराठीत ही भाषा प्रामुख्याने गीतेच्या भाष्यांनी घडवली.

१८९७ च्या जून महिन्यात पुण्याच्या शिवजयंती उत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधाचा प्रश्न गीतेच्या आधारे सोडवला. फलाशा न ठेवता, स्वार्थासाठी नव्हे तर लोकहितासाठी केलेल्या कृत्याला सामान्य नीतीचे मोजमाप लावता येत नाही, हा त्या मांडणीचा गाभा होता. १५ जूनच्या 'केसरी'त तो वृत्तान्त आला; २२ जूनला रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. या खटल्यात एका अर्थी गीतेच्या एका वाचनाचीच उलटतपासणी झाली. सतराव्या शतकातील एका मृत्यूचे समर्थन हे वर्तमानातील मृत्यूचे आवाहन ठरते काय, हा प्रश्न न्यायालयाने आपल्या पद्धतीने सोडवला. समीक्षेच्या दृष्टीने तो अद्याप खुला आहे.

'गीतारहस्या'तील 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात टिळकांनी हीच चर्चा अधिक शास्त्रशुद्ध रीतीने केली. अहिंसा, सत्य इत्यादी सामान्य धर्मांना अपवाद कोठे लागतात हे दाखवताना त्यांनी स्मृतींतील 'आततायी' या संकल्पनेचा आधार घेतला. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन, भूमी वा स्त्री हिरावून नेणारा तो आततायी; त्याला मारण्यात दोष नाही. या संकल्पनेचे एक वैशिष्ट्य सहसा नजरेआड होते. आततायित्व हा माणसाचा स्थायी गुण नसून चालू कृतीची अवस्था आहे. शस्त्र उगारलेले आहे तोवर तो आततायी. शस्त्र खाली पडले, हात बांधले गेले, की तो पुन्हा केवळ माणूस उरतो. परवानगी माणसाला मारण्याची नसून क्षण अडवण्याची आहे. आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन नेमका हाच शब्द वापरतो, पण उलट दिशेने : समोरचे आततायी आहेत हे मान्य करूनही त्यांना मारल्याने पापच लागेल असे त्याला वाटते. अर्थात एकाच संकल्पनेतून परवानगी आणि संकोच दोन्ही निघतात.

आष्टीला हे माप लावले तर गोळी झाडणारा शिपाई त्या क्षणापुरता आततायी ठरू शकतो. ठाण्यावर चालून आलेला जमाव शिपायाच्या दृष्टीने त्याच क्षणी तसाच ठरतो. परंतु बंदूक निकामी झाल्यावर, गोळ्या संपल्यावर, दार बंद करून बसल्यावर तो तसा राहत नाही. समर्थनाची मुदत मिनिटांत मोजावी लागते, आणि संतापाची मुदत मात्र दिवसभर टिकते. हीच जमावाच्या न्यायाची मुख्य अडचण आहे.

विनोबांची वाट याहून निराळी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्या 'गीताप्रवचनां'च्या आरंभीच एका न्यायाधीशाचा दृष्टान्त येतो. शेकडो खुन्यांना फाशी सुनावणाऱ्या या न्यायाधीशापुढे एके दिवशी त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि मग फाशीची शिक्षा किती अमानुष आहे हे न्यायाधीशाला सुचू लागते. विनोबांच्या मते अर्जुनाचा अहिंसावाद या जातीचा आहे. तो मोहातून आलेला आहे, विचारातून नव्हे. या दृष्टान्ताची मार्मिकता अशी की, न्यायाधीशाचा युक्तिवाद खोटा आहे असे विनोबा म्हणत नाहीत. फाशी अमानुष असूही शकेल. खोटे आहे ते त्या युक्तिवादाचे सुचणे. युक्तिवादाची सत्यता आणि तो मांडणाऱ्याचा अधिकार यांत त्यांनी भेद केला. टिळकांची कसोटी मारणाऱ्याच्या हेतूला लावायची आहे; विनोबांची कसोटी मारू नका म्हणणाऱ्याच्या हेतूलाही लावायची आहे. मराठी नीतिविचारात ही भर लहान नाही.

४

ही कसोटी पुढे तेरा वर्षांनी विनोबांच्याच परिसरात प्रत्यक्षात उतरली. आष्टी-चिमूर खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. तत्पूर्वी सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी चिमूरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी उपोषण आरंभले होते. ते प्रथम दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी बसले, मग त्यांना वर्ध्याला आणण्यात आले, आणि १२ जानेवारी १९४३ रोजी त्रेसष्टाव्या दिवशी उपोषण संपले. या काळात त्याच्या बातम्यांवरच बंदी होती. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारीला देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक बंद ठेवले. एका जिवाची बाजी लागली होती आणि ती लागली आहे हे उच्चारण्यास मनाई होती. भन्साळींनी कोणाचा जीव घेतला नाही. पण स्वतःचा जीव तराजूत टाकणे हीही जीवहरणाच्या प्रश्नाचीच एक बाजू आहे. ज्या चळवळीच्या एका टोकाला आष्टीचे ठाणे आहे, तिच्या दुसऱ्या टोकाला ही उपोषणाची खाट आहे.

फाशीच्या कैद्यांसाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी चिकाटीने प्रयत्न केले. गांधीजींनीही १९४५ मध्ये दया दाखवण्याची मागणी केली. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा की, क्षुब्ध जमावाच्या हातून घडलेले कृत्य आणि तीन वर्षांनी थंड डोक्याने, कायद्याच्या नावाने, विधिपूर्वक दिलेली फाशी यांत दुसरी कृती अधिक निर्दोष ठरत नाही. येथे 'आततायी' संकल्पनेतील काळाचे तत्त्व पुन्हा उपयोगी पडते. तुरुंगातला बांधलेला माणूस कोणाच्याही अंगावर येत नसतो. ज्या तर्काने पोलिसाचा मृत्यू समर्थनीय ठरत नाही, त्याच तर्काने फाशीही समर्थनीय ठरत नाही. त्याच वर्षी व्हाइसरॉय वेव्हेल यांनी उरलेल्या कैद्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

परंतु विनोबांचा न्यायाधीश येथे दाराशी उभा राहतोच. दया मागणारे आपल्याच माणसांसाठी मागत होते. ही दया मोहाची की विचाराची? या प्रश्नाचे उत्तर १९४५ मध्ये मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी आरोपी परका, किंबहुना शत्रू असावा लागतो. तो प्रसंग ३० जानेवारी १९४८ नंतर आला. गांधीजींच्या मारेकऱ्यांची फाशी रद्द व्हावी म्हणून मणिलाल आणि रामदास या त्यांच्या दोन पुत्रांनी विनंती केली. येथे न्यायाधीशाच्या दृष्टान्ताची बाजू पालटते : मेलेला बाप आपला आहे, आणि मारणारा परका. ज्यांना सूड घेण्याचा सर्वांत निकटचा अधिकार सांगता आला असता, त्यांनीच तो नाकारला. म्हणून त्यांचा युक्तिवाद मोहाच्या आरोपातून सुटतो. राज्यसंस्थेने ती विनंती मानली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशी दिली गेली आणि अकरा दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकृत झाले. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने देहान्त शासन नसावे असे म्हटले होते; त्या कलमाला संविधानात जागा मिळाली नाही. परकीय सरकारकडे मागितलेली दया स्वकीय सरकारला तत्त्व म्हणून पेलवली नाही, असा याचा अर्थ होतो.

स्मृतीच्या पातळीवर आणखी एक गुंता आहे. शाहिद अमीन यांनी चौरीचौराविषयीच्या १९९५ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, माफीच्या साक्षीदाराच्या जबानीने आणि न्यायालयीन निकालपत्राने घडवलेली भाषा पुढे राष्ट्रीय इतिहासाच्या भाषेतही झिरपते. आष्टीच्या बाबतीत उलट प्रक्रिया अधिक ठळक आहे. हौतात्म्याच्या भाषेने निकालपत्राची भाषा पूर्णपणे मागे सारली. गोळीबारात मेलेल्यांना हुतात्मा म्हणणे यथार्थच आहे. पण त्या दुपारी ठाण्यात मेलेल्या शिपायांसाठी मराठीत शब्द उरला नाही. ते 'शत्रू' म्हणावेत तर याच देशाचे. 'बळी' म्हणावेत तर बळी देणारे कोण हे सांगावे लागते. 'हुतात्मा' तर म्हणताच येत नाही. ज्या मृत्यूला नाव नाही त्याचा निवाडा होत नाही, केवळ विस्मरण होते. गावाच्या नावापुढचा कंस जितके सांगतो तितकेच वगळतो.

तुकडोजी महाराजांचा प्रश्नही याच संदर्भात पाहता येईल. चिमूरच्या घटनांशी त्यांच्या खंजिरी भजनांचा संबंध जोडला गेला आणि १९४२ मध्ये त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत राहावे लागले. गाणे हे कृतीचे कारण असते काय? १८९७ च्या खटल्यातील प्रश्न येथे वृत्तपत्राकडून भजनाकडे आला. ऐकणाऱ्याच्या हाती रूपकाची वस्तू होते तेव्हा कवीची जबाबदारी संपते असे म्हणणे सोयीचे आहे. ती पूर्ण कवीवर टाकणे राज्यसंस्थेच्या सोयीचे आहे. 'ग्रामगीता'कार तुकडोजी गावाच्या घडणीकडे वळले ही त्या प्रश्नाची एक सर्जनशील परिणती मानता येईल, उत्तर मात्र नव्हे.

५

आर्वीच्या या जुन्या तहसिलीत पंचाहत्तर वर्षांनी जीवहरणाच्या निवाड्याचा आणखी एक प्रसंग उभा राहिला. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले करणाऱ्या एका वाघिणीला २०१७ मध्ये जेरबंद करून वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आले. तिला ठार मारण्याच्या आदेशाला प्राणिप्रेमींनी विरोध केला होता. तिला दिलेले जीवदान हा त्या विरोधाचा नैतिक विजय मानला गेला. परंतु नव्या मुलखातही माणसे मेली. पुन्हा ठार मारण्याचा आदेश निघाला, पुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वाद झाला, आणि न्यायालयाने या वेळी हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तो आदेश अमलात आलाच नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये कारंजा (घाडगे) तालुक्यातील सिंदीविहिरी शिवारात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला लागून वाघीण मेली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमानुसार अशा प्राण्याला मारण्यापूर्वी तो मानवी जीवितास धोकादायक झाला आहे आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नाही याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. कारण लिहिल्याशिवाय जीव घेता येत नाही, हे तत्त्व कोणत्याही न्यायव्यवस्थेला भूषणावह आहे. पण वाघीण मेली ती लिहिलेल्या कारणाने नव्हे. तार रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी लावतात. तिच्यात वाघाविषयी काहीही निर्णय नसतो. वकील, तज्ज्ञ, अधिकारी आणि न्यायमूर्ती यांनी ज्या जिवाचा काटेकोर विचार केला, तो जीव ज्याने विचारच केला नव्हता अशा तारेने घेतला.

माणूस आणि वाघीण यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. साम्य निवाड्याच्या रचनेत आहे. वाघिणीला जीवदान देताना तिचा धोका एका वस्तीवरून उचलून दुसऱ्या वस्तीवर ठेवला गेला. बोर-कारंजा परिसरातील गुराखी आणि शेतमजूर त्या दयेत सहभागी नव्हते, केवळ तिची किंमत देणारे होते. दयेची किंमत दया करणाऱ्याने दिली नाही तर ती दया राहते काय, हा प्रश्न विनोबांच्या न्यायाधीशाचाच दुसरा अवतार आहे. शहरातील प्राणिप्रेमाला तो विचारावा लागतो, आणि तितक्याच निग्रहाने सूडाच्या मागणीलाही. नामकरणाचे राजकारण येथेही दिसते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात गोळी घालून मारलेली वाघीण वनखात्याच्या नोंदीत 'टी-१' होती, तिच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी 'अवनी' होती आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्यासाठी 'नरभक्षक' होती. तीन नावे, तीन निकाल.

स्वतः गांधीजी या प्रांतात निरपवाद नियमाचे पुरस्कर्ते नव्हते. १९२६ मध्ये अहमदाबादच्या भटक्या, पिसाळलेल्या कुत्र्यांना मारण्याचे त्यांनी समर्थन केले. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला त्यांच्या संमतीने विषाची सुई देण्यात आली, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांची कसोटी होती ती अशी : जीव घेणाऱ्याचा स्वार्थ त्या कृतीत आहे काय, आणि मरणाऱ्याचे हित आहे काय? वासराच्या प्रसंगात ती लागू पडते. आष्टीत नाही, फाशीच्या तख्तावर नाही, सिंदीविहिरीच्या तारेवर तर नाहीच. म्हणजे गांधीजींच्या अहिंसेत अपवादाला जागा होती. पण तो अपवाद मारणाऱ्याच्या सोयीसाठी कधीच नव्हता.

६

या साऱ्या प्रसंगांतून जीवहरणाचे एखादे सूत्र हाती लागत नाही. लागतात त्या काही अटी. समर्थन क्षणाशी बांधलेले असते, क्षण ओलांडला की ते संपते. म्हणून बांधलेल्या माणसाचा मृत्यू, तो ठाण्यात होवो वा तुरुंगात, समर्थनाच्या बाहेर जातो. मारण्याच्या हेतूइतकीच न मारण्याच्या हेतूची तपासणी आवश्यक असते. दयेची किंमत कोण देतो हे दयेइतकेच महत्त्वाचे असते. आणि कथन जिथून सुरू होते तिथेच निकालाचा अर्धा भाग ठरून जातो.

या अटी सांभाळूनही निवाडा चुकू शकतो, किंवा सिंदीविहिरीप्रमाणे निवाडा बरोबर असूनही निरर्थक ठरू शकतो. जीव घेण्याच्या बहुसंख्य कृती निवाड्याच्या वाटेने येतच नाहीत. त्या संतापाच्या, भीतीच्या, पिकाच्या राखणीच्या वाटेने येतात, आणि निवाडा मागाहून शब्द शोधत येतो. तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाकडे उरणारे काम शब्दांचेच असते : 'वध' म्हटले गेले तेथे कोणती 'हत्या' झाकली गेली, 'शहीद' म्हटले गेले तेथे कोणता शिपाई निनावी राहिला, याचा हिशेब ठेवणे. आष्टीपुढचा कंस पुसण्याचे कारण नाही. तो वाचताना त्या दुपारी ठाण्याच्या आत असलेल्या माणसांची आठवण ठेवणे एवढे मात्र मराठी भाषेला अद्याप करता येण्याजोगे आहे.